वायसर बदलण्याचा रविवार

पहाटे साडेपाच
मोरीतल्या नळाखाली रात्री ठेवलेला तांब्या भरून वाहतो आहे. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. मे महिन्यात रायपुरात एवढे पाणी मोरीतून वाहून जाताना बघवत नाही. पण आत्ता दुरुस्ती काढता येणार नाही. महापालिकेचे पाणी आले आहे, आधी टाकी आणि पिण्याच्या पाण्याची भांडी भरून घ्यायची.

हे पाणी खारून नदीचे. भाटागावच्या बंधाऱ्यापाशी ते उचलतात, शुद्ध करतात आणि मग शहरातल्या टाक्यांवर चढवतात. उन्हाळ्यात खारून आटली की धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून महानदीचे पाणी कालव्याने तिच्यात सोडतात. तात्यापाऱ्यातल्या आमच्या मोरीत पडणारा थेंब इतका प्रवास करून येतो. रायपूरला नळाचे पाणी आले १८९२ साली. राजनांदगावचे राजा बलरामदास यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली म्हणून त्या योजनेला त्यांचेच नाव होते. त्याआधी सगळी भिस्त विहिरी आणि तलावांवर.

सात
चहा. सासूबाई सवयीने नळाची मूठ आणखी आवळायला जातात. "आई, राहू द्या," मी म्हणते. "अगं, जोर लावला की थांबतो तो," त्या म्हणतात. थांबतो, पण घटकाभरच. आतले रबर, म्हणजे वायसर, दर वेळी जास्त चेपते आणि ते झिजून गेले की पितळेवर पितळ घासू लागते. दहा रुपयांत होणारे काम मग नव्या नळावर जाते. गळका नळ आवळायचा नाही, उघडायचा, हे घराघरांत सांगावेसे वाटते.

आठ
गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल बंद केला. ऊन आताच चटकायला लागले आहे. खाली येऊन नळ पूर्ण सोडला, नळीतले पाणी निथळू दिले. मोरीच्या जाळीवर फडके टाकले, नाहीतर बारीक स्क्रू थेट गटारात. सुट्टीला आलेला भाचा पाना घेऊन तयारच आहे. नळाच्या मानेला जुने कापड गुंडाळून त्यावरून पाना लावला, म्हणजे निकेलवर ओरखडे येत नाहीत. एका हाताने नळाचे अंग घट्ट धरायचे. ते सोडून नुसती मान फिरवली तर भिंतीतली जुनी लोखंडी नळीच पिळली जाते, आणि मग भिंत फोडावी लागते.

स्पिंडल बाहेर आले. टोकाच्या रबरावर गोल खाच पडलेली, एका कडेला तुकडाच उडालेला. भाच्याला ते हातात दिले. मूठ फिरवल्यावर हे रबर खाली जाऊन पाण्याचे भोक दाबते, एवढेच नळाचे सारे यंत्र. बघताक्षणी त्याला कळले.

नऊ
खरे काम इथे आहे आणि बहुतेक जण तेच गाळतात. रबर जिथे बसते त्या पितळी कडेवरून करंगळी फिरवून पाहायची. आमच्या कडेवर पांढरा खरखरीत थर होता. रायपूरच्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, आसपासचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात. बोअरच्या पाण्यात तो चुना उतरतो आणि नळात साचतो. उन्हाळ्यात आम्ही टाकीत बोअरचे पाणी मिसळतो, त्याची ही खूण. कापसाचा बोळा लिंबाच्या रसात बुडवून आत ठेवला. बारीक फेस आला. या कडेला खाच असती तर नुसते नवे रबर टिकले नसते, ती घासून सपाट करणारे हत्यार प्लंबरकडूनच आणावे लागले असते.

साडेदहा
चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. जुने वायसर सोबत नेले, कारण अर्ध्या इंची नळाची वायसरेसुद्धा जाडीला सारखी नसतात. दुकानदाराने ते बोटांत फिरवले. "घिस गे हे, काकी, बदले बर परही," असे म्हणत तसेच दुसरे काढून दिले. चार जास्तीची घेतली, शिवाय टेफ्लॉन टेप.

साडेअकरा
नवे रबर बसवले. स्पिंडलच्या आट्यांना किंचित ग्रीस लावले. परत बसवताना मूठ उघडी ठेवायची, नाहीतर मान आवळताना नवे रबर पहिल्या दिवशीच चिरडते. टाकीचा वॉल हळूहळू उघडला. आधी हवा फुरफुरली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. मूठ दोन बोटांनी फिरवली. नळ बंद झाला. भाच्याने खाली कोरडा कागद धरून बराच वेळ वाट पाहिली, कागद कोरडाच राहिला.

चार
जेवून, पडून झाल्यावर शेजारच्या काकूंकडे. त्यांचा नळ पाव फेऱ्यात उघडणारा. त्यात रबर नसते, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. गळू लागला की आतला अख्खा गाभाच बदलायचा. तो उद्या आणायचा ठरला.

असे दुसऱ्याच्या घरी जाऊन नळ बघणे मला आबिद सुरतींमुळे सुचले. 'धर्मयुग' साप्ताहिकातली ढब्बूजी ही व्यंगचित्रमालिका काढणारे लेखक-व्यंगचित्रकार, तेच हे. २००७ पासून ते मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये रविवारी प्लंबर घेऊन दारोदार फिरू लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करू लागले. एका लेखकाने हे काम आपले मानले, याचा मला फार आदर वाटतो.

सात
काकूंच्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ टाकली. अर्ध्या तासाने भांड्यात निळी धार उतरली. म्हणजे टाकीच्या तळाचे रबरही गेले आहे. उद्याच्या यादीत त्याची भर पडली.