यंत्र बोलू लागले तेव्हा

रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली यंत्र आणि माणूस यांतला भेद ओळखण्याची एक खूण सांगितली. माणसासारखे दिसणारे यंत्र शब्द उच्चारील. पण समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ धरून नवनवी उत्तरे देणे त्याला जमणार नाही. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंगने याच खुणेची परीक्षा केली : संभाषणात यंत्र माणसासारखेच वाटले, तर ते विचार करते असे का म्हणू नये? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि देकार्तची खूण पुसली गेली. हे यंत्र अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधते. त्याला काही कळते की नाही, हा वाद आहेच. पण नुसत्या बोलण्यावरून आता माणूस ओळखता येत नाही, एवढे खरे.

तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यामुळे अस्वस्थ आहेत. माझी अस्वस्थता निराळी आहे. बुद्धी आणि वाणी ही माणूसपणाची कसोटी मानणाऱ्यांनी ती सर्वांना कधी लावली होती? ॲरिस्टॉटलने गुलामाला जिवंत हत्यार म्हटले. धोटा आपोआप विणू लागला तर मालकाला गुलाम लागणार नाहीत, हेही तोच म्हणतो! म्हणजे स्वयंचलित यंत्र त्याला सुचले, गुलामाची समता सुचली नाही. आपल्याकडे गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला धातू ओतायला आणि वेद उच्चारला तर जीभ कापायला सांगितले. आधी वाणी हिरावून घ्यायची, मग वाणी नाही म्हणून हीन ठरवायचे. त्याच संस्कृतीचे वारस आज यंत्राला ग्रंथच्या ग्रंथ पढवताना कुठलाही विटाळ मानत नाहीत.

बुद्धाने आत्मा नाकारला. बाबासाहेबांच्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही हीच भूमिका आहे. माणसात कुठलेसे अदृश्य तत्त्व आहे हा आधारच ज्याने घेतला नाही, त्याला बोलक्या यंत्राची भीती कशाची? त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो दुःखाचा. आणि तो गटाराच्या तोंडाशी लख्ख दिसतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी घातली, तरी गटारात गुदमरून माणसे मरतच आहेत. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला बँडिकूट नावाचे यंत्र मॅनहोलमध्ये उतरले. ते चालवायला सफाई कामगारांनाच शिकवले गेले. हे यंत्र बोलत नाही. म्हणूनच की काय, तत्त्वज्ञानाच्या परिसंवादात त्याचे नाव अजून माझ्या कानी आलेले नाही.