यंत्राचा हात कां अडतो?

घरांतील रेडिओ अथवा मोबाईल उघडून पाहिल्यास आंत एक हिरवी पाटी दिसते, व तिच्यावर तिळाहूनहि लहान असे शेंकडों तुकडे बसविलेले आढळतात. त्यांपैकीं पुष्कळ अवघे १ मिलिमीटर लांब व ०.५ मिलिमीटर रुंद असतात. कांहीं याहूनहि बारीक. कारखान्यांत हे तुकडे मांडण्याचें काम एक यंत्र करितें. त्याच्या डोक्याला बारीक नळी असते. ती हवा शोषून तुकडा उचलते, कॅमेऱ्यासमोर धरिते, व पाटीवर आधींच लाविलेल्या कथिलाच्या मऊ लेपावर नेमक्या जागीं ठेविते. मग पाटी भट्टींतून जाते व तुकडे पक्के होतात.

या डोक्यास चार प्रकारची गति लागते: डावीकडून उजवीकडे, पुढें-मागें, वर-खालीं, आणि नळीचें स्वतःभोंवतीं फिरणें. प्रत्येक गतीस अक्ष म्हणतात. मोठ्या यंत्रांत बहुधा सर्व्हो मोटरी असतात. अशा मोटरीबरोबर एन्कोडर नांवाचें उपकरण असतें. प्रत्यक्षांत किती हालचाल झाली हें तें क्षणोक्षणीं कळवितें. आज्ञा केलेली जागा व गांठलेली जागा यांतील अंतर मर्यादेबाहेर गेलें कीं मोटर थांबते व पडद्यावर दोषाची सूचना उमटते.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. सूचनेंत मोटरीचें नांव आलें म्हणून मोटरच बिघडली असें ते धरून चालतात. गाडी थांबली म्हणजे बैल आजारी पडला असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. चाक रुतलें आहे काय, हें तो आधीं पाहतो. तोच क्रम येथेंहि योग्य होय. प्रथम वीज बंद करून, ती दुसऱ्या कोणीं चालू करूं नये अशी व्यवस्था करावी. मोटरीस वीज पुरविणाऱ्या पेटींत, म्हणजे ड्राइव्हमध्यें, वीज बंद केल्यावरहि कांहीं मिनिटें भार शिल्लक राहतो, तेवढें थांबावें. वर-खालीं होणारा भाग आपल्या वजनानें खालीं येऊं शकतो, त्याखालीं बोटें नेऊं नयेत. हें आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगतों, कारण यंत्र पुन्हा मिळतें, बोट मिळत नाहीं.

नंतर आडवा अक्ष हातानें हळूच सरकवावा. एखाद्याच ठिकाणीं तो अडला, तर दोष रुळावर आहे: ग्रीस सुकलें असेल, किंवा गळून पडलेला एखादा तुकडा तेथें अडकला असेल. सर्वत्र सारखा मऊ सरकला, तर लक्ष तारांकडे वळवावें. हलत्या डोक्याच्या तारा साखळीसारख्या पट्ट्यांतून जातात व दिवसांतून हजारों वेळां वांकतात. आमचा एक माजी विद्यार्थी अशा यंत्रावर रात्रपाळी करीत असे. डोकें डाव्या टोंकास गेलें कीं यंत्र थांबे. महागडी मोटर बदलली, तरी दोष तसाच. अखेर एन्कोडरची तार आंतून तुटलेली निघाली. वरचें वेष्टण शाबूत होतें, व ती त्या टोंकाशीं वांकली म्हणजेच तिचीं टोंकें एकमेकांपासून सुटत. दोष नेहमीं एकाच जागीं येत होता, एवढीच खूण पुरेशी होती. ती कोणीं विचारांत घेतली नाहीं.

दोन अक्षांचे ड्राइव्ह एकाच जातीचे व एकाच मांडणीचे असतील, तर त्यांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या अक्षावर गेला तर ड्राइव्ह सदोष. जागचा हलला नाहीं तर मोटर, तार वा रूळ.

मेजावर ठेवण्याच्या लहान यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर असते. तिचे एका फेऱ्यांत २०० टप्पे होतात. एका फेऱ्यांत पट्टा ४० मिलिमीटर सरकत असेल, तर एक टप्पा ०.२ मिलिमीटरचा. धक्क्यानें मोटर घसरली तर चार-चार टप्पे चुकतात, म्हणजे एकदम ०.८ मिलिमीटर! पुष्कळ लहान यंत्रांस एन्कोडर नसल्यामुळें सूचना मुळींच येत नाहीं. यंत्र निमूटपणें पुढचे सर्व तुकडे तेवढेच बाजूस ठेवीत जातें.

अशा वेळीं पाटीच वाचावी लागते. एका तुकड्यापासून पुढील सारे सारखेच सरकले, तर मोटर घसरली. डावीकडून आलेले एका बाजूस व उजवीकडून आलेले दुसऱ्या बाजूस पडले, तर पट्टा सैल. जागा बरोबर पण तुकडे तिरके, तर नळी फिरविणारा अक्ष तपासावा. आणि चूक एका टोंकापासून दुसऱ्याकडे वाढत गेली, तर उष्णतेचा संशय घ्यावा. १ मीटर लांबीचा पोलादी स्क्रू १० अंश सेल्सिअस तापला कीं सुमारें ०.१२ मिलिमीटर वाढतो, ०.५ मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यास ही जवळजवळ चतुर्थांश चूक झाली. म्हणून कित्येक कारागीर कामास आरंभ करण्यापूर्वीं यंत्र कांहीं मिनिटें रिकामेंच चालवितात.