हीच का ती जागा?

आईच्या पिशवीत बेचाळीस जपमाळा होत्या. आमच्या आळीतली घरटी एक, माहेरच्यांच्या वेगळ्या आणि चर्चबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंची एक. प्रत्येक जपमाळ प्लास्टिकच्या वेगळ्या पुडीत, पुडीत नावाची चिठ्ठी. वसईहून निघताना कपड्यांपेक्षा जास्त काळजीने तिने ही पिशवी भरली होती. फेब्रुवारी २०१९ची गोष्ट. फादरांसोबत आमचा चाळीस जणांचा जथा पवित्र भूमीच्या यात्रेला निघाला होता.

जेरुसलेमला पवित्र कबरेच्या चर्चमध्ये शिरलं की समोरच, जमिनीपासून थोडी उंच, एक लांबट तांबूस शिळा आहे. क्रुसावरून उतरवलेला येशूचा देह इथे ठेवून त्याला सुगंधी द्रव्यं लावली, अशी श्रद्धा. वर लोंबते दिवे, तेलाचा गोडसर वास आणि सभोवती गुडघे टेकलेल्या बायका: ग्रीक, रशियन, फिलिपिनो, केरळच्या. कुणी रुमाल घासतंय, कुणी आजारी माणसाचा फोटो, कुणी लहान मुलाचं झबलं. आईही खाली बसली आणि एकेक पुडी सोडू लागली. जपमाळ काढायची, शिळेला लावायची, पुन्हा पुडीत भरून गाठ मारायची.

"ही शिळा १८१०मध्ये बसवलेली आहे," आमच्या गाइडने सांगितलं. तो बेथलेहेमचा अरब ख्रिस्ती. त्याचं इंग्रजी मी आईला मराठीत सांगितलं. तिचा हात थांबला.

"मग आधीची कुठे गेली?"

आधीचीही पहिली नव्हती, हे ऐकून तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुड्या सोडायला लागली. तेवढ्यात मागून नवा जथा आला, रेटारेटी झाली आणि आम्ही पुढे ढकलले गेलो.

त्या दिवसापासून आई प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची: "हीच का ती जागा?" आणि पवित्र भूमीत या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच मिळतं, कारण तिथे बऱ्याच प्रसंगांना दोन-दोन पत्ते आहेत. नाझरेथमध्ये देवदूताने मरियेला निरोप दिला तो कॅथलिकांच्या मते भव्य बॅसिलिकाखालच्या गुहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स मात्र थोडं पलीकडे, झऱ्यावरच्या आपल्या चर्चकडे बोट दाखवतात. येशूच्या बाप्तिस्म्याची जागा यार्देन नदीच्या पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. पुनरुत्थित येशू ज्या वाटेवर शिष्यांना भेटला त्या अम्माऊस गावाचे तर किमान चार दावेदार आहेत. आणि खुद्द कबरीही दोन. जुन्या शहराच्या तटाबाहेर, बसस्थानकामागे, कवटीसारखा दिसणारा एक कडा आहे. १८८३मध्ये जनरल गॉर्डन या इंग्रज सेनाधिकाऱ्याला वाटलं, की येशूला क्रुसावर दिलं ती गुलगुथा टेकडी हीच. जवळच्या बागेत खडकात कोरलेली कबर होतीच. अनेक प्रॉटेस्टंट यात्रेकरू आजही तिथेच प्रार्थना करतात. बाग शांत आहे, झाडं आहेत, डोळ्यांसमोर प्रसंग उभा राहतो. फक्त पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांच्या अभ्यासानुसार ती कबर येशूच्या काळाआधी सहा-सातशे वर्षांची आहे, आणि शुभवर्तमान तर सांगतं की कबर नवी होती.

गर्दीची, काळवंडलेली, धक्काबुक्कीची जुनी कबर मात्र पुराव्याच्या कसोटीवर बरीच टिकते. आज ती शहराच्या मध्यात आहे म्हणून शंका यायची. पण येशूच्या वेळी तो भाग तटाबाहेर होता, नवी भिंत नंतर हेरोद अग्रिप्पाने बांधली. पुढे सम्राट हेड्रियनने तिथे रोमन देऊळ उभारलं. दोनशे वर्षांनी कॉन्स्टंटाइनने चर्च बांधायचं ठरवलं तेव्हा स्थानिक ख्रिस्ती लोकांनी त्याच देवळाखाली खणायला सांगितलं. उभं देऊळ पाडून खणण्यापेक्षा शेजारची मोकळी जागा दाखवणं किती सोपं होतं! तरी त्यांनी तीच दाखवली, म्हणजे आठवण पक्की असावी, असं मला वाटतं. ते चर्च ३३५मध्ये पवित्र केलं गेलं. १००९मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिमने ते पाडलं, पुन्हा बांधलं गेलं, क्रुसेडरांनी वाढवलं, १८०८मध्ये आगीत होरपळलं. ऑक्टोबर २०१६मध्ये अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या चमूने दुरुस्तीसाठी कबरीवरचा संगमरवर सुमारे साठ तास बाजूला केला. आत चुनखडीचा मूळ खडक होता आणि खालच्या फुटक्या फरशीचा चुना इसवी सन ३४५च्या सुमाराचा निघाला. येशूचा देह तिथे होता की नाही हे चुना सांगू शकत नाही. कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी हीच जागा मानली होती, एवढं मात्र त्याने सांगितलं.

या जागेची ओढ किती जुनी आहे याचा एक गमतीदार दाखला आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची एक बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून इथवर आली आणि घरच्या भगिनींसाठी सगळं लिहून ठेवलं. त्या लिखाणाची अर्धवट प्रत १८८४मध्ये इटलीत सापडली. एजेरिया सांगते, की शुभ शुक्रवारी बिशप क्रुसाचं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतात आणि भोवती सेवक पहारा देतात. कारण पूर्वी कुणीतरी चुंबन घेण्याच्या निमित्ताने दातांनी एक तुकडा तोडून नेला होता! आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घरी कुणाला तरी बरं नसेल त्याच्या."

चर्चचं बाकीचं जगणं मात्र तंट्यांचं आहे. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांची हक्कांची लढाई ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथलं गणित चटकन कळेल. ग्रीक ऑर्थोडॉक्स, फ्रान्सिस्कन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्ट, सिरियाक आणि इथिओपियन असे सहा पंथ एकाच छताखाली. कोणता खांब कुणाचा, कोणत्या पायरीवर झाडू कुणी मारायचा, धूप कधी कुणी फिरवायचा, हे सगळं ऑटोमन सुलतानांच्या १७५७ आणि १८५२च्या फर्मानांनी गोठवलेलं आहे. त्याला तिथे 'स्टेटस क्वो' म्हणतात. दर्शनी दारावरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी टेकलेली दिसते. १७२८च्या एका चित्रातही ती तिथेच आहे. सगळ्यांची संमती असल्याशिवाय ती हलवता येत नाही, म्हणून ती आहे तिथे आहे. गच्चीवर इथिओपियन साधूंच्या मातीच्या खोल्या आहेत आणि त्या जागेवर कॉप्ट लोकांचाही दावा आहे. २००२च्या उन्हाळ्यात पहाऱ्यावरच्या एका कॉप्ट साधूने आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली. त्यावरून हाणामारी होऊन अकरा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

ख्रिस्ती लोक एकमेकांवर किल्ली सोपवत नाहीत, म्हणून ती मुसलमानांकडे आहे. जूदेह घराणं किल्ली सांभाळतं आणि नुसैबेह घराणं कुलूप उघडतं. ही जबाबदारी सलाउद्दीनच्या काळापासून चालत आल्याचं ती घराणी सांगतात. पहाटे दाराच्या झरोक्यातून आतला साधू छोटी शिडी बाहेर देतो, तिच्यावर चढून वरचं कुलूप काढतात. आमच्यातल्या तिघांनी पहाटे चार वाजता उठून हे पाहिलं. गाभाऱ्यातल्या मिस्सापेक्षा मला तो कुलपाचा खडखडाट जास्त आठवतो. फादरांना हे सांगितलेलं नाही.

बेथलेहेमला जाताना बस इस्रायलने बांधलेल्या काँक्रीटच्या आठ मीटर उंच भिंतीला वळसा घालून तपासणीनाक्यातून जाते. जन्मस्थळाच्या चर्चचं दार चार फुटांच्या आसपास. घोडे-गाड्या आत घुसू नयेत म्हणून पूर्वी चिरे लावून ते बुजवत आणलं. कंबरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून त्याला नम्रतेचं दार म्हणतात. आई तशीही वाकूनच चालते, तिला काही वेगळं करावं लागलं नाही. आत गुहेत जमिनीवर चांदीचा चौदा टोकांचा तारा आहे. मूळ तारा १८४७मध्ये चोरीला गेला. कॅथलिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स एकमेकांवर चिडले, त्यांच्या पाठीशी फ्रान्स आणि रशिया उभे राहिले आणि पुढच्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत या ताऱ्याचंही नाव लागलं. सध्याचा तारा १८५३चा. या गावात नाताळ तीनदा येतो: २५ डिसेंबरला कॅथलिकांचा, ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्सांचा आणि १९ जानेवारीला आर्मेनियनांचा. गाझातल्या युद्धामुळे २०२३ आणि २०२४मध्ये मात्र गावाने रोषणाई, झाड, मिरवणूक काहीच केलं नाही. ज्या दुकानातून आम्ही जैतूनाच्या लाकडाचा गोठा घेतला, त्याचा म्हातारा मालक तेव्हा म्हणाला होता, की यात्रेकरू नसले तर बेथलेहेम कुलूप लावून बसतं. तो वाक्प्रचार असेल असं मला वाटलं होतं.

यार्देनने आमची निराशा केली. बायबलमध्ये वाचलेली ती मोठी नदी; समोर दिसला गढूळ पाण्याचा प्रवाह, आपल्याकडच्या पावसाळी ओढ्याइतका रुंद. वैतरणेची खाडी पाहिलेल्या माणसांना ही नदी म्हणवेना. उगमाकडचं बहुतेक पाणी धरणांनी आणि शेतीने वाटेतच उचललेलं. समोरच्या काठावर जॉर्डन देश. तिथल्या पायऱ्यांवरही पांढरे झगे घातलेले लोक पाण्यात उतरत होते आणि दोन्हीकडे बंदुकधारी शिपाई उभे होते. जॉर्डनकडची बाप्तिस्म्याची जागा २०१५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतली. आमच्या बाजूला रस्त्यालगत पिवळ्या पाट्या होत्या: सुरुंग. १९६७च्या युद्धानंतर पेरलेले. त्यामुळे काठावरचे जुने मठ पन्नास वर्षं ओस पडले होते आणि सुरुंग काढायचं काम तेव्हा चालू होतं. आईने तरी बाटली भरून घेतली. पाणी तळाशी बसल्यावर अर्धं बोट माती दिसली.

गालील सरोवराने ती कसर भरून काढली. समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटर खाली असलेलं ते गोड्या पाण्याचं तळं सकाळी इतकं शांत होतं, की आमच्यातले गायनमंडळाचे लोकही हळू आवाजात बोलत होते. १९८६मध्ये दुष्काळाने पाणी ओसरलं, तेव्हा गिनोसार वसाहतीतल्या दोन कोळी भावांना चिखलात एक होडी दिसली. पहिल्या शतकातली. सुमारे आठ मीटर लांब. ती बारा दिवसांत उकरून काढली आणि मग लाकूड सुकून फुटू नये म्हणून कितीतरी वर्षं मेणासारख्या द्रावात बुडवून ठेवली. काचेपलीकडे ती पाहताना आमच्या जथ्यातले वसईच्या पाचूबंदरचे एक नाखवा पुढे वाकले. त्यांनी आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या होत्या. "ही फळी वेगळी, ही वेगळी, इकडं फांदीच वापरलीय," ते बोटाने काच टोकत म्हणाले. "जे मिळालं ते लावलंय. गरिबाची होडी." शेजारची पाटी वाचली तर त्यात बारा प्रकारच्या लाकडांचा उल्लेख होता. येशू या होडीत बसला होता असा दावा तिथे कुणी करत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती पाहताना मला येशू सर्वांत जवळचा वाटला. दुपारी 'सेंट पीटरचा मासा' जेवायला आला. नाखव्यांनी काटे बाजूला करत जाहीर केलं, की हा तर उजनी धरणातला चिलापी. तो खरोखरच तिलापियाच.

शेवटचं ठिकाण गेथशेमाने, अटकेआधी येशूने प्रार्थना केली ती जागा. आठ जैतूनांची जुनी बाग, खोडं इतकी पिळवटलेली की दगड वाटावीत. आईचा प्रश्न मी आधीच ओळखला आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. २०१२मध्ये इटलीच्या संशोधकांनी यातल्या तीन झाडांची खोडं तपासली तेव्हा ती बाराव्या शतकाच्या आगेमागेची, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांची निघाली. येशूने पाहिलेली ही झाडं नव्हेत. पण आठही झाडं एकाच मातृवृक्षाची कलमं आहेत, असं त्यांच्या डीएनएवरून दिसलं. मी हे सगळं सांगितलं. आईने कुंपणापलीकडे पडलेलं एक पान उचलता येतंय का ते पाहिलं. पोचलं नाही. "म्हणजे लावत आले," ती म्हणाली.

घरी आल्यावर दुसऱ्या रविवारी ती जपमाळा वाटायला निघाली. मी पिशवी धरून मागे. त्या रेटारेटीत शिळेपर्यंत किती पोचल्या हे मी मोजलं होतं: सव्वीस. उरलेल्या सोळा पिशवीतच राहिल्या होत्या आणि परतीच्या बसमध्ये तिने सगळ्या पुन्हा एकत्र केल्या होत्या. मेणबत्तीवाल्या बाईंनी पुडी उघडली, जपमाळ नाकाशी नेली आणि तेलाचा वास शोधत विचारलं, "नक्की तिथंच टेकवलीस ना गं?"

"तिथंच," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.