पासिंगपेक्षा वर

हायवेला लागून, बहुधा एखाद्या ढाब्याच्या किंवा पंक्चरवाल्याच्या शेजारी, 'धर्मकाटा' अशी पाटी दिसते. काही ठिकाणी तिच्याखाली 'कॉम्प्युटराइज्ड' असेही रंगवलेले असते. जमिनीच्या पातळीला बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर चढायला दोन्हीकडून हलका चढ आणि बाजूला एका माणसापुरती खोली. रात्री दोनच्या सुमाराला एक दहाटायरी ट्रक पहिल्या गिअरमध्ये सरकत फलाटावर येतो. पत्र्याचा जाड आवाज होतो. खोलीतला माणूस खिडकीतून ओरडतो, "इंजिन बंद कर." इंजिनाच्या थरथरीने लाल आकडे नाचत असतात, ते थांबतात. क्लीनर उडी मारून पावती आणायला धावतो. गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ माल, तारीख आणि वेळ, एवढेच त्या बोटभर कागदावर छापलेले असते. ड्रायव्हर तो कागद बिल्टीबरोबर घडी करून खिशात ठेवतो. गाडीत नेमके किती वजन आहे, हे पुढच्या सगळ्या प्रवासात या कागदाशिवाय कोणीच सांगू शकत नाही. ताडपत्री ओढून घेतली की वीस टन आणि अठ्ठावीस टन बाहेरून सारखेच दिसतात.

फलाटाच्या खाली लोड सेल असतात, काट्याच्या लांबीनुसार चार, सहा किंवा आठ. लोड सेल म्हणजे पोलादाचा एक भरीव ठोकळा. त्याला अतिशय पातळ तारेची जाळी चिकटवलेली असते. वजन आले की ठोकळा केसाच्याही जाडीहून कमी दबतो, त्याच्याबरोबर जाळी आकसते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून आकडा तयार होतो. दरवर्षी वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून काटा तपासून त्यावर मुद्रांकन करून घ्यावे लागते, कारण त्याच्या आकड्यावर पैसे ठरतात. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. कारखान्याच्या काट्यावर वजन कमी दाखवले जाते, अशा तक्रारींतूनच 'काटामारी' हा शब्द रूढ झाला. शेतकऱ्याला काटा कमी दाखवेल याची धास्ती. हायवेवरच्या ड्रायव्हरला मात्र काट्याने खरे वजन दाखवले, तरी त्याचीच धास्ती.

ट्रान्स्पोर्टच्या धंद्यात कायद्याच्या वजनमर्यादेला एकच शब्द आहे, पासिंग. "गाडीचं पासिंग किती?" हा भाडे ठरवतानाचा पहिला प्रश्न. रिकामी गाडी आणि माल मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. तो एक्सलवर, म्हणजे आसावर ठरतो. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हे आकडे वाढवले. चार टायरच्या एका आसावर १०.२ टन चालत होते, ते ११.५ झाले. जोड आसाला १९ ऐवजी २१ टन मिळाले. तीन आसांच्या गाडीचे पासिंग २५ टनांवरून २८.५ वर गेले आणि सर्वांत मोठ्या जोडगाड्यांची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर. रस्ते सुधारले, गाड्यांची ताकद वाढली, मालवाहतूक स्वस्त व्हायला हवी, ही त्यामागची कारणे होती आणि ती चुकीची नव्हती. पण पासिंग वाढले म्हणून पासिंगच्या वर भरण्याचा मोह कमी होत नाही, कारण त्याचे मूळ पासिंगमध्ये नसून भाड्याच्या हिशेबात आहे.

भाडे टनावर मिळते. डिझेल थोडे जास्त जाते, टायर लवकर घासतात. पण बँकेचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार गाडीत किती माल आहे हे पाहून बदलत नाहीत. म्हणून पासिंगच्या वरचा प्रत्येक टन जवळजवळ निव्वळ नफ्याचा. एका खडी क्रशरवर किंवा कोळशाच्या डेपोवर दहा गाड्या रांगेत उभ्या असतील आणि त्यांतल्या आठ गाड्या प्रत्येकी आठ टन जास्त भरायला तयार असतील, तर उरलेल्या दोघांना त्या दराने भाडे परवडत नाही. ते एक तर रिकामे परततात किंवा पुढच्या फेरीला तेही जास्त भरतात. वजनाचा नियम नीट पाळला जावा अशी सर्वांत मोठी गरज खरे तर या दोघांची असते, हे अनेकदा विसरले जाते.

जास्तीच्या वजनाची किंमत रस्ता मोजतो, आणि ती सरळ हिशेबाने वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक अखंड फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला नियम आजही रस्ते बांधणारे वापरतात. आसावरचे वजन जितक्या पटीने वाढते, त्या पटीच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज सोळापट. २८.५ टन पासिंगच्या गाडीचे मालासकट वजन ३६ टन असेल, तर तिची एक फेरी रस्त्याला नियमातल्या सुमारे अडीच फेऱ्यांएवढी पडते. पहिल्या पावसात उखडणाऱ्या डांबराचा दोष एकट्या ठेकेदाराचा नसतो.

माणसाच्या जिवाचा हिशेब मात्र उतारावर होतो.

साताऱ्याकडून पुण्याला येताना नवीन कात्रज बोगदा सोडला की दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्हे आणि मग नवले पूल, असा सलग उतार आहे. खाली शहराची भरगच्च वाहतूक. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी इथे एका ट्रकने पुढच्या गाड्यांना एकामागून एक धडका दिल्या. सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. ब्रेक निकामी झाल्याचे प्राथमिक तपासात आढळले नाही; उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले. १३ नोव्हेंबर २०२५ ला याच पट्ट्यात कंटेनरच्या अपघातात आठ जणांचा बळी गेला.

उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली की डिझेल वाचते, अशी समजूत रस्त्यावर वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. तिचा धोका समजायला ट्रकचे ब्रेक समजून घ्यावे लागतात. ते हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरत राहतो आणि पेडल दाबले की त्यातली थोडी हवा खर्च होते. इंजिन बंद म्हणजे नवी हवा बंद. शिवाय गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतः गाडीला मागे धरून ठेवते, तो आधार न्यूट्रलमध्ये सुटतो. मग सगळा भार चाकांतल्या ड्रमवर येतो. वीस मीटरला एक मीटर असा उतार आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर २८.५ टनांची गाडी त्याच वेगात धरून ठेवण्यासाठी सतत सुमारे दीडशे किलोवॅट इतकी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. घरातले पंचाहत्तर गिझर एकदम लावावेत एवढी उष्णता! गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि टायर त्यातला वाटा उचलतात, बाकीची ड्रममध्ये साठते. वजन ३६ टन झाले की हा आकडा दोनशेच्या जवळ जातो. ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटत जाते, जळका वास येतो, आणि ड्रायव्हरने पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडी पळतच राहते. बोगद्याच्या तोंडाशी ठणठणीत असलेला ब्रेक पुलाजवळ उरत नाही. म्हणून घाटात लहान गिअरवर, हळू उतरा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण कुठल्याही फलकाहून मोलाची आहे.

गाडी उताराला लागण्याआधी तिचे वजन तपासायचे कोणी? महाराष्ट्रात हे काम मोटार वाहन विभागाच्या वायुवेग पथकांचे. पथकाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. निरीक्षक येणाऱ्या ट्रकच्या चाकांवरच्या कमानीच्या पाट्यांकडे पाहतो. कमानीचे पाटे सरळ झाले असतील, टायरची कूस फुगली असेल, तर हात होतो. पण डोळ्यांनी वजन ठरत नाही. मोटार वाहन कायद्याचे ११४ वे कलम सांगते, की संशय आला तर गाडी पुढच्या मार्गावरच्या कुठल्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर नेता येईल. म्हणजे आधी सांगितलेला ढाब्याशेजारचा तो लोखंडी फलाटच कायद्याचा हात होतो. जवळ काटा नसेल, तर संशय हा संशयच राहतो.

काट्यावर वजन जास्त निघाले तर १९४ वे कलम लागते. १ सप्टेंबर २०१९ ला लागू झालेल्या दुरुस्तीत त्यातला दंड २० हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार असा झाला. आधी तो २ हजार आणि टनामागे १ हजार होता. आठ टन जास्त म्हणजे ३६ हजार रुपये. काट्यावर जायलाच नकार दिला तर ४० हजार. आकडे जबर आहेत आणि चर्चा नेहमी त्यांचीच होते. पण कायद्यातली खरी सुरक्षितता दंडात नाही, ती त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही, असे ते वाक्य आहे.

हे वाक्य सर्वांत अवघड आहे. रात्री अडीच वाजता, पावसात, कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाडीतून आठ टन उतरवायचे म्हणजे पन्नास-पन्नास किलोंच्या १६० गोण्या. हमाल कुठून आणायचे? गोण्या ठेवायच्या कुठे? दुसरी गाडी कोण पाठवणार? राखण कोण करणार? अशा वेळी पावती फाडून गाडी पुढे सोडणे सगळ्यांनाच सोपे वाटते. दंड सरकारजमा होतो, आणि दंड भरलेली गाडी तेवढ्याच वजनाने घाट उतरू लागते. तिच्या ड्रमला पावती माहीत नसते.

काही राज्यांनी एकेकाळी याच सोयीचा धंदा केला होता. ठरलेली रक्कम भरा आणि ठरलेल्या काळापुरते जास्त वजन न्या, असे 'गोल्ड कार्ड' मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन प्रकरणात हे बेकायदा ठरवले. जास्तीचा माल उतरवलाच पाहिजे, पैसे घेऊन तो नेऊ देण्याचा अधिकार राज्यांना नाही, असा त्या निकालाचा गाभा. त्यानंतर कार्डे गेली. कार्डामागची वृत्ती गेली का, हे कुठल्याही पावसाळ्यानंतरचा रस्ता पाहून ठरवावे.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने मालवाहू गाडी ओव्हरलोड चालवणाऱ्याचे लायसन किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. हेतू योग्यच. पण त्यातून सर्वांत आधी घरी बसतो तो ड्रायव्हर. गाडीत किती भरायचे हे तो क्वचितच ठरवतो. "भरून जा, नाहीतर दुसरी गाडी आहे," असे त्याला सांगितले जाते. कायदा याबाबत आंधळा नाही. १९४ व्या कलमाचे शब्द चालवणाऱ्यापुरते नाहीत. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच झाले, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. शब्द आहेत. त्यांचा वापर लोडिंगच्या जागेपर्यंत पोहोचत नाही, दुखणे तिथे आहे.

कामाच्या तासांचेही तसेच झाले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ बसवलेला असतो. साडेचार तास चालवले की पाऊण तास थांबणे भाग असते, आणि थांबला नाही तर ते यंत्रच सांगते. आपल्याकडे रात्रभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचे तास मोजणारे असे काही गाडीत नसते.

वजन मात्र मोजले जाते. खाण, क्रशर, सिमेंटचा कारखाना, बंदर, साखर कारखाना, जिथून म्हणून जड माल निघतो, तिथे स्वतःचा काटा असतोच. मालाचे बिल त्याच आकड्यावर होते. म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडते तेव्हा ती पासिंगच्या वर आहे की नाही, हे एका संगणकात नोंदलेले असते. त्या नोंदीला गाडीचे पासिंग जोडले आणि वर गेलेल्या गाडीला फाटकच उघडले नाही, तर पथकाला रात्री कमानीचे पाटे न्याहाळायची वेळ येणार नाही. हायवेवर आठ टन उतरवायला अर्धी रात्र आणि दहा माणसे लागतात. क्रशरवर लोडर शेजारीच उभा असतो. गाडी काट्यावरून मागे घेतली, हौद्यातली खडी लोडरच्या दोन-तीन बकेटांत पुन्हा ढिगावर गेली, गाडी परत फलाटावर आली. लाल आकडे थरथरले, थांबले. क्लीनर पावती आणायला धावला.