खोदकामापूर्वी जमिनीखालील वाहिन्यांचा शोध

शेततळे, विहीर अथवा पाइपलाइनची चारी खोदावयाची झाली, म्हणजे शेतकरी जमिनीचा उतार पाहतो आणि मुरूम किती खोल लागेल याचा अंदाज घेतो. परंतु हल्ली शेताच्या पोटातून पंपाची वीजकेबल, गावच्या नळयोजनेची वाहिनी, दूरसंचाराची प्रकाशतंतू केबल, आणि काही ठिकाणी मुंबई-मनमाडसारखी इंधनवाहिनीही गेलेली असते. यंत्राचा एक दात चुकीच्या जागी लागला, तर गावाचे पाणी तुटते. वीजकेबल अथवा वायुवाहिनी असेल, तर माणूस प्राणास मुकतो. म्हणून अशा वाहिन्या शोधण्याची साधने व त्यांची परिभाषा शेतकऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिले साधन म्हणजे चौकशी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ स्तंभात वाहिनीची नोंद आहे काय, हे पाहावे. बांधावरील निशाणखांब, झडपेचे चौकोनी खड्डे, पूर्वी खचलेली सरळ पट्टी यांकडे लक्ष द्यावे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्यान्वये ज्या पट्ट्यात ‘वापरहक्क’ संपादन झाला आहे, तेथे जमीन शेतकऱ्याचीच राहते व पीकही घेता येते. मात्र इमारत, विहीर, तळे वा बंधारा बांधण्यास आणि झाड लावण्यास मनाई आहे. खोदणाऱ्याने वाहिनीच्या मालकांस आगाऊ कळवावे, यासाठी केंद्र शासनाने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अॅप सुरू केले आहे.

दुसरे साधन ‘लोकेटर’ होय. तारेतून वीजप्रवाह वाहू लागला, की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, या तत्त्वावर ते चालते. त्याचे दोन भाग असतात. ‘प्रेषक’ हा लोखंडी नळात वा केबलमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा संकेत सोडतो. ‘ग्राहक’ हातात धरून चालणारा तो संकेत जमिनीवरून टिपतो. प्रेषक न लावता, केबलमधील चालू विजेच्या ५० हर्ट्झ कंपनांवरूनही शोध घेता येतो. यास ‘निष्क्रिय शोध’ म्हणतात. परंतु पंप बंद असेल, तर असा संकेत मिळेलच असे नाही. यंत्र मुके राहिले म्हणजे खालची जमीन रिकामी आहे, असे मुळीच समजू नये.

संकेत जेथे सर्वांत तीव्र, त्यास ‘शिखर’ व जेथे लोप पावतो, त्यास ‘शून्य’ म्हणतात. शिखराची पद्धत व शून्याची पद्धत यांनी दाखविलेली जागा एकच असेल, तर खूण विश्वसनीय. त्यांत अंतर पडले, तर शेजारी दुसरी वाहिनी असून क्षेत्र विकृत झाले आहे असे जाणावे. खोली मोजण्याची रीत सोपी आहे. वाहिनीच्या बरोबर वर खूण करावी, शून्याच्या पद्धतीत ग्राहक ४५ अंशांत कलता धरावा आणि वाहिनीशी काटकोनात दूर जावे. पुन्हा शून्य लागेल तेथपर्यंतचे अंतर हीच वाहिनीची खोली. ही खोली नळाच्या मध्यापर्यंतची असते, माथ्यापर्यंतची नव्हे.

पीव्हीसीचा नळ वीज वाहून नेत नाही. त्यामुळे लोकेटरला तो दिसत नाही. त्यासाठी भूवेधी रडार वापरतात. ते जमिनीत रेडिओलहरी सोडते व परावर्तित लहर किती वेळाने आली यावरून खोली काढते. कोरड्या रेताड जमिनीत ते चांगले चालते. परंतु ओल्या काळ्या चिकण जमिनीत लहरी लवकर शोषल्या जातात व वाहिनी सापडतेच असे नाही. पाणाड्याच्या फांदीवर किंवा वाकविलेल्या तारेवर मात्र जीव टांगू नये.

यावर खरा उपाय नळ पुरतानाच योजावयाचा असतो. पीव्हीसीच्या नळासोबत आवरणयुक्त तांब्याची तार पुरावी व तिची टोके झडपेच्या खड्ड्यात काढून ठेवावीत. पुढे त्या तारेस प्रेषक जोडला की नळाचा माग लागतो. नळावर सुमारे एक फूट माती झाल्यावर रंगीत इशारापट्टी अंथरावी. विहिरीचा कठडा व बांधाचा दगड अशा दोन पक्क्या खुणांपासून प्रत्येक वळणाचे अंतर मोजून नकाशा करावा व तो सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवावा.

कोणत्याही यंत्राची खूण हा अंदाज असतो. सपाटीकरणाने वा धुपीने वरची माती कमी झाली असल्यास जुन्या नकाशातील खोलीही फसवी ठरते. म्हणून खुणेपाशी यंत्र न लावता हाताने, बेताबेताने चाचणी खड्डा घ्यावा. टिकाव मारू नये. वायूचा वास वा फुसफुस जाणवल्यास विडी पेटवू नये, इंजिन सुरू करू नये. सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेस दूर जावे आणि तेथून निशाणखांबावरील क्रमांकास व ११२ ला कळवावे.

चाचणी खड्ड्यास अर्धा दिवस लागेल आणि भाड्याचे यंत्र तेवढा वेळ उभे राहील. तो खर्च वाया गेला असे न मानता तो खोदकामाचाच भाग समजावा.