कारवानीच्या मुलखात लहान कुत्रा मोकळा सोडताना

लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते, तर नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत श्वानप्रदर्शनही भरते. कारवानी ही दृष्टिशिकारी, म्हणजे वासापेक्षा नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारी जात असल्याने पळणारा पॉमेरेनियन तिला सशासारखा भासू शकतो, आणि म्हणूनच यात्रेत वा शिवारात लहान कुत्र्याची साखळी सोडूच नये. गल्लीतील भटकी कुत्री २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागीच सोडली जात असल्याने तेथे त्यांची हद्द पक्की असते; म्हणून गल्लीतही साखळी सोडू नये. साखळी सोडायची ती फाटक लावलेल्या आवारात, ओळखीच्या कुत्र्यासोबत, तेही दोघांना आधी साखळीनिशी शेजारी चालवून झाल्यावर. समोरच्या कुत्र्याचे अंग ताठरले, मानेवरचे केस उभे राहिले आणि नजर खिळली, की गुरगुरण्याची वाट न पाहता लहानग्याला परत बोलवावे.