विहिरीवरची मोटार आणि दोन सोपी गणिते

विहिरीवरची मोटार जळली की आपण लाइनच्या कमी व्होल्टेजला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळदा तो दोष खराही असतो. पण मीटरपासून विहिरीपर्यंत ओढलेली बारीक वायरही तितकीच दोषी असू शकते. दोष कोणाचा, हे घरी बसून काढता येते. त्याला कागद, पेन्सिल आणि शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

जर्मनीतील गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली विजेचा एक साधा नियम पुस्तकात मांडला. तो समजण्यास बागेतल्या पाण्याचा दाखला घेऊ. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट. पाइपातून वाहणारे पाणी म्हणजे विजेचा प्रवाह, तो अँपियरमध्ये मोजतात. पाइप बारीक व लांब असला की पाणी अडते. तसा तारेचा जो अडथळा, तो ओहममध्ये मोजतात.

पहिले गणित : व्होल्ट भागिले अँपियर = ओहम.
दुसरे गणित : व्होल्ट गुणिले अँपियर = वॅट, म्हणजे विजेची शक्ती.

पाणी तापवण्याचा हीटर २३० व्होल्टवर ५ अँपियर घेत असेल, तर त्याचा अडथळा २३० ÷ ५ = ४६ ओहम आणि शक्ती २३० × ५ = ११५० वॅट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट होते. म्हणजे हा हीटर तासाला १.१५ युनिट खातो.

हीटर, इस्त्री यांना ही गणिते सरळ लागू पडतात. मोटारीला तशी पडत नाहीत, कारण तिच्या गुंडाळ्यांत चुंबकाचा खेळ असतो. तिचे खरे वॅट गुणाकारापेक्षा कमी भरतात. पण मोटारीकडे जाणाऱ्या वायरीला मात्र दोन्ही गणिते चालतात, आणि आपले काम तिथेच आहे.

वायर किती दाब गिळते?

समजा, सिंगल फेजची मोटार ८ अँपियर घेते. हा आकडा मोटारीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. विहीर मीटरपासून १०० मीटरवर आहे. वीज जाते व परत येते, म्हणून तार २०० मीटर धरावी. एवढ्या तांब्याच्या तारेचा अडथळा साधारण असा असतो :

१.५ चौरस मि.मी. – २.४ ओहम
२.५ चौरस मि.मी. – १.५ ओहम
४ चौरस मि.मी. – ०.९ ओहम

पहिले गणित उलटे फिरवले की अँपियर गुणिले ओहम = व्होल्ट. बारीक वायर ८ × २.४ = सुमारे १९ व्होल्ट गिळते, जाड वायर फक्त ७. त्या १९ व्होल्टना ८ ने गुणले की सुमारे १५० वॅट होतात. ही शक्ती पाणी न चढवता वायर तापवण्यातच जाते.

खरी परीक्षा मोटार सुरू होताना असते. त्या क्षणी ती चार-पाच पट प्रवाह ओढू पाहते. ४० अँपियर धरले तर बारीक वायरीत ९६ व्होल्टची घट येते. दाब घटला की प्रवाहही आखडतो, म्हणून प्रत्यक्ष घट याहून कमी असते; तरी ती मोठीच. शिवाय सुरुवातीची ताकद दाबाच्या वर्गाने उतरते : दाब शंभराचा सत्तर झाला, तर ताकद शंभराची एकोणपन्नास उरते. संध्याकाळी लाइनवर आधीच १९० व्होल्ट असले, तर मोटार नुसती घुं घुं करते, फिरत नाही आणि तापून जळते. अशा वेळी ताबडतोब बटण बंद करावे. पुन्हा पुन्हा दाबू नये.

हेच गणित आपल्या अंगाला

कोरड्या कातडीचा अडथळा बराच असतो. पण हात ओले आणि पाय अनवाणी चिखलात असले, तर अंगाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपियर. माणसाचे हृदय बंद पाडण्यास याच्या निम्मा प्रवाहही पुरतो. आणि विहिरीवरचा फ्यूज १५ अँपियरचा! तो ०.२३ अँपियरने वितळणारच नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नव्हे.

म्हणून एवढे करावे :

१. नवी वायर घेण्यापूर्वी अंतर दुप्पट धरून वरचे गणित करावे आणि मग वायरमनशी बोलावे.
२. मोटारीला नीट अर्थिंग द्यावे. शिवाय ३० मिलिअँपियरला तुटणारी आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी.
३. ओल्या हाताने बटणाला किंवा पेटीला हात लावू नये. पायांत रबरी चप्पल असावी.
४. कोणी विजेला चिकटले तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमण्यासारखे नसेल तर कोरड्या लाकडाने दूर ढकलावे. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी व दवाखान्याची गाडी बोलवावी.

पेटी उघडून तारा मोजण्याचे काम वायरमनवर सोडावे. आपण गणित तेवढे करावे. मोटार पुन्हा भरून मिळते. पाणी लावायला गेलेला माणूस घरी परत आला पाहिजे.